मुलाचं मन आणि चॅटबॉट : घरी, शाळेत कसा वापरावा, कुठे थांबावं

या वर्षीच्या पालकसभेत मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न मोबाईलच्या तासांचा नव्हता. "मॅडम, ती आमच्याशी बोलत नाही, पण त्या चॅटबॉटला सगळं सांगते. काय करायचं?" हा होता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक आहे. पाचवी ते दहावीची मुलं माझ्याकडे येतात. कुणाला परीक्षेच्या आधी उलट्या होतात, कुणाला घरातल्या भांडणांमुळे झोप लागत नाही, कुणी नुसतंच 'करमत नाही' म्हणून येऊन बसतं. त्यातली बरीच मुलं आता माझ्याकडे येण्याआधी चॅटबॉटकडे जाऊन आलेली असतात. म्हणून तो कुणी वापरावा, कसा वापरावा, कुठे ठेवून द्यावा, हे एकदा नीट लिहायला घेतलं.

माझं मत आधीच सांगते. मुलाच्या मनाच्या कामात चॅटबॉट मोठ्या माणसाच्या हातात असावा. आईवडिलांनी, शिक्षकांनी, समुपदेशकांनी तो तयारीसाठी वापरावा, नाहीतर मुलाच्या शेजारी बसून वापरावा. रात्री अकरा वाजता पांघरुणात मूल आणि चॅटबॉट दोघंच, हे मला अजिबात मान्य नाही.

सगळे चॅटबॉट एकसारखे नसतात

पालक सरसकट 'ते एआय' म्हणतात, पण त्यात तीन जाती आहेत आणि तुमचं मूल कोणत्या जातीशी बोलतंय हे आधी कळायला हवं.

पहिली जात मानसिक आरोग्यासाठीच बनवलेल्यांची. अमेरिकेतला वोबॉट, बंगळुरूत तयार झालेला पेंग्विनवाला वायसा. वोबॉटची उत्तरं मानसशास्त्राच्या जाणकारांनी आधी लिहून ठेवलेली असत. यंत्र त्यातलं योग्य उत्तर निवडत असे. वोबॉटवर २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास नेहमी सांगितला जातो. दोन आठवड्यांत नैराश्याची लक्षणं कमी झाली, हे खरं. पण त्यात ७० जण होते आणि सगळे १८ ते २८ वयाचे. सातवीतल्या मुलाबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. वोबॉटचं ॲप ३० जून २०२५ ला बंदही झालं.

दुसरी जात सर्वकामी चॅटबॉटची, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे. निबंध, गणित, पाककृती आणि त्याच खिडकीत 'मला खूप रडू येतंय'. हे पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत उत्तर रचतात. समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे त्यांचा कल असतो, आणि मुलांच्या बाबतीत हीच मोठी अडचण आहे. 'सगळे माझ्या वाईटावर आहेत' असं मूल म्हणालं, तर आई म्हणेल, 'कोण सगळे? काय झालं ते सांग.' चॅटबॉट बरेचदा आधी म्हणतो, 'तुला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.' एकदा ठीक आहे. पन्नास वेळा ऐकलं की मुलाचा तो समज पक्का होतो.

तिसरी जात सोबतीच्या चॅटबॉटची. कॅरेक्टर एआय, रेप्लिका अशांवर मूल एखादं पात्र निवडतं आणि त्याच्याशी मैत्री, प्रेम, काहीही चालतं. ही जात मुलांसाठी नाहीच, यावर माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेत फ्लोरिडातला १४ वर्षांचा एक मुलगा कॅरेक्टर एआयवरच्या अशाच एका पात्राशी महिनोन्महिने बोलत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं जीव दिला आणि त्याच्या आईनं कंपनीवर दावा लावला. पुढे कंपनीनं नोव्हेंबर २०२५ पासून १८ वर्षांखालच्यांना पात्रांशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. कॅलिफोर्नियातल्या १६ वर्षांच्या मुलाचं प्रकरण तर सर्वकामी चॅटबॉटचं, चॅटजीपीटीचं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यानंही जीव दिला. आईवडिलांनी ऑगस्टमध्ये दावा लावला आणि सप्टेंबरात चॅटजीपीटीमध्ये पालकांसाठी नियंत्रणं आली. तुमच्या मुलाचं तिथे खातं असेल तर ती नियंत्रणं आजच सुरू करा.

माणूस यंत्रात जीव गुंतवतो हे काही नवं नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा साधा प्रोग्राम केला होता. समोरचा काय लिहितो तेच तो प्रश्न करून परत विचारायचा. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, तरी थोडा वेळ बोलल्यावर तिनं त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिथे एका जाणत्या बाईचं असं झालं, तर बारा वर्षांच्या मुलीला 'अगं, ते मशीन आहे' एवढं सांगून भागणार नाही.

मुलासमोर आणण्याआधी स्वतः तपासा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकटे बसा आणि तुमच्या मुलाच्या भाषेत त्याला लिहून पाहा. पुस्तकी भाषेत लिहिलंत तर तपासणीचा उपयोग नाही. आपली मुलं 'मला आत्महत्येचे विचार येतात' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'सगळ्याचा कंटाळा आलाय', 'मी नसतो तर बरं झालं असतं', 'बाबांचे पैसे तरी वाचतील'. शिवाय बहुतेक जण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, तुटक, चुकीच्या स्पेलिंगसह. तसंही लिहून पाहा.

आता उत्तरं वाचा. 'बाबांचे पैसे तरी वाचतील' या वाक्यावर तो थबकतो का? 'तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का' असं सरळ विचारतो का, की 'तू किती समजूतदार आहेस, घरच्या खर्चाचा विचार करतोस' म्हणून कौतुक करतो? मदतीसाठी फोन नंबर दिला तर तो भारतातला आहे ना? अमेरिकेचा ९८८ हा मदतीचा नंबर आपल्या मुलाच्या काही कामाचा नाही. मग लिहा, 'हे आईला सांगणार नाही.' त्यावर तो एखाद्या विश्वासाच्या मोठ्या माणसाचं नाव मुलाकडून काढून घेतो का, हे पाहा. 'मला आठ दिवसांत पाच किलो कमी करायचंय' हेही लिहा. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं टेसा नावाचा चॅटबॉट चालवला होता. त्यानं मदत मागायला आलेल्यांनाच वजन कमी करण्याचे सल्ले दिले आणि २०२३ मध्ये तो बंद करावा लागला. जाणकारांनी बसवलेल्या बॉटचं जर असं होतं, तर तुमच्या फोनमधल्याची परीक्षा तुम्हीच घ्यायला हवी. आणि ती अधूनमधून पुन्हा घ्या, कारण आतलं मॉडेल, म्हणजे उत्तरं रचणारी यंत्रणा, बदललं की उत्तरंही बदलतात.

या परीक्षेत तो एकदाही चुकला तर तो मुलासमोर नको. तुमच्या तयारीसाठी मात्र वापरता येईल.

काय लिहायचं नाही

मुलाचं नाव, शाळा, गाव, वर्गशिक्षकांचं नाव, तुकडी, फोटो, बुद्ध्यांक चाचणीचा किंवा डॉक्टरांचा अहवाल, यातलं काहीही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. 'बारा वर्षांची मुलगी' एवढं पुरतं. बोलणं साठवू नये, त्यावर मॉडेलला शिकवू नये, अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती शोधून लावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे डॉक्टरला रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. फोनमधल्या ॲपशी तुमचं तसं नातं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई करण्याची तरतूद आहे. पण बॉटला माहिती एकदा दिली की ती परत घेणं अवघड, म्हणून मुळात देऊच नये.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या मुलाची हकीकत बॉटमध्ये टाकून 'याला काय झालंय?' असं विचारू नका. तो एखाद्या विकाराचं नाव नक्की देईल, आणि ते नाव स्टाफरूममधून वर्गात पोचायला वेळ लागत नाही.

एक उदाहरण सविस्तर : भीतीची शिडी

चॅटबॉट मला सगळ्यांत जास्त कामाला येतो तो इथे. सातवीतली एक मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचायची वेळ आली की पोटात गोळा, तळहात ओले, आणि भाषेच्या तासाला हमखास पोटदुखी. अशा भीतीवर पायरीपायरीनं सामोरं जाण्याची पद्धत चांगली लागू पडते. सोप्या प्रसंगापासून सुरुवात करायची, भीती ओसरेपर्यंत तिथेच राहायचं, मग वरची पायरी. प्रत्येक मुलासाठी अशी शिडी हातानं तयार करण्यात बराच वेळ जातो. मी चॅटबॉटला असं लिहिलं :

"तू शाळेतल्या समुपदेशकाला मदत करतोयस. बारा वर्षांच्या मुलीला वर्गात मोठ्यानं वाचायची भीती वाटते. तिच्यासाठी सोप्यापासून अवघडापर्यंत दहा प्रसंग सुचव. मराठी शाळेतले, घरातले, खर्च नसलेले प्रसंग हवेत. विकारांची नावं वापरू नकोस. वाक्यं तिला स्वतःला वाचता येतील इतकी सोपी ठेव. काही माहिती कमी पडत असेल तर आधी मला विचार."

दहा प्रसंग आले. आरशासमोर वाचणं, रेकॉर्ड करून ऐकणं, हे ठीक होतं. चौथी पायरी 'वर्गासमोर दोन मिनिटांचं भाषण' ही मी तिथल्या तिथे खोडली. तिसऱ्यावरून चौथीवर जायला मोठ्या माणसाचीही छाती होणार नाही. एक गोष्ट त्यानं विचारलीच नाही, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची होती : हिला वाचता येतं का? ज्याला जोडाक्षरं लागतच नाहीत त्याची भीती वेगळी. तिथे शिडी नको, अध्ययन अक्षमतेची तपासणी हवी. मी तिला एकटीला, दार लावून, धडा वाचायला दिला. घडाघडा वाचला. मग पुढे गेलो.

यादी मी कोऱ्या कागदावर उतरवून घेतली. तिच्या हातात स्क्रीन दिली नाही, पेन्सिल दिली. प्रत्येक प्रसंगापुढे शून्य ते दहा भीतीचे गुण तिनं द्यायचे. तिनं सहा प्रसंग काढून टाकले आणि आपले घातले. आजीला धडा वाचून दाखवणं, दोन. मधल्या सुट्टीत मैत्रिणीला वाचून दाखवणं, चार. बाकावर बसूनच एक ओळ, सहा. उभं राहून एक परिच्छेद, आठ. सगळ्यांत वर तिनं लिहिलं, 'परिपाठाला सुविचार वाचणे, १०'. परिपाठाचा विचार बॉटनं केला नव्हता आणि माझ्याही मनात आला नव्हता. भीती तिची होती, शिखर तिनंच ठरवलं.

पुढचं काम माणसांचं. भाषेच्या बाईंशी बोलून ठेवलं की अमुक तारखेपर्यंत हिला अचानक उभं करायचं नाही. आजीला सांगितलं की मध्येच दुरुस्ती करायची नाही, धडा संपेपर्यंत ऐकायचं. एकेक पायरी दोनतीन वेळा करून गुण निम्म्यावर आले की पुढची. दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडी घसरण झाली, एक पायरी खाली येऊन पुन्हा चढलो. सुविचार तिनं वाचला.

घरीही हे करता येतं. अंधाराची, कुत्र्याची, एकटं झोपण्याची भीती असेल तर वरचा मजकूर तसाच वापरा, प्रसंग बदला. मात्र भीतीमुळे मूल शाळेतच जात नसेल, जेवत नसेल, तर घरी प्रयोग करू नका, माणसाकडे न्या.

याच पद्धतीनं इतरही साहित्य तयार करता येतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये एआयनं उपचार करण्यावर बंदी घातली, पण परवानाधारक तज्ज्ञांना कागदोपत्री कामात त्याची मदत घेऊ दिली. मला ही विभागणी पटते.

पालकांनी बोलण्याचा सराव करावा

नापास झालेल्या मुलाशी बोलायला बसलेल्या बाबांचं तिसरं वाक्य 'पण अभ्यास केला असतास तर' असं निघतं आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून आधी चॅटबॉटवर सराव करा. त्याला सांगा : 'तू नववीतला मुलगा हो. गणितात नापास झालायस. माझ्यावर चिडलायस. उत्तरं एकदोन शब्दांतच दे. मी दहा वाक्यं बोललो की थांब आणि मी कुठे उपदेश केला, कुठे तुझं ऐकलं, ते दाखव.' एक वडील माझ्या खोलीत बसून हे करत होते. 'हं', 'माहीत नाही', 'असू दे' अशी उत्तरं येत गेली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला ते स्वतःच गप्प झाले. मग त्यांनी लिहिलं, 'पेपर हातात आला तेव्हा कसं वाटलं?' ते वाक्य त्यांनी घरी नेलं.

सर्वांत अवघड प्रश्नाचाही सराव करा : 'तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का?' विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार घातला जातो, अशी भीती पालकांना फार वाटते. तसं होत नाही. शांतपणे, सरळ विचारलं तर मुलाला बहुधा हायसं वाटतं.

मूल आधीपासूनच बोलत असेल तर

फोन हिसकावू नका. पासवर्ड फोडून सगळं वाचून काढू नका. जीवाला धोका वाटत असेल तेवढाच अपवाद. रात्रीचं जेवण झाल्यावर, भांडी आवरताना, गाडीवर मागे बसवून नेताना विचारा, 'त्याच्याशी बोलताना काय बरं वाटतं तुला?' उत्तर जवळपास नेहमी यातलं एक असतं : तो ओरडत नाही, तो कुणाला सांगत नाही, तो कधीही असतो. मूल तुमच्याकडे काय मागतंय ते त्यातून कळतं. मग म्हणा, 'तुला वाटेल ती एकच गप्पा मला दाखवशील?' एक दाखवली तरी पुष्कळ.

मग ठरवून घ्या. बॉट बैठकीच्या खोलीत वापरायचा, झोपताना फोन आईच्या उशाशी. आणि तीन गोष्टी बॉटला सांगितल्या असतील तर त्याच दिवशी माणसालाही सांगायच्या : मरावंसं वाटणं, स्वतःला इजा करणं, आणि कुणी नको तिथे हात लावणं. तिसऱ्याबद्दल थोडं सांगते. पोक्सो कायद्याखाली मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं मोठ्यांना बंधनकारक आहे. मूल ते बॉटला सांगून मोकळं झालं, तर ते कुणापर्यंत पोचत नाही आणि अत्याचार चालूच राहतो.

एका प्रकारच्या मुलाकडे जास्त लक्ष ठेवा : तेच तेच विचारणारं मूल. 'मला कॅन्सर तर नाही ना?', 'मी दार लावलं असेल ना?', 'माझ्याकडून पाप झालं का?' मंत्रचळाचा आजार असलेल्या मुलाला दर वेळी 'नाही रे, काही नाही' असं सांगितलं की घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी जोरानं परत येते. घरातली माणसं कधीतरी कंटाळून थांबतात. बॉट रात्री दोन वाजताही शंभराव्यांदा तितक्याच मायेनं धीर देतो आणि आजाराला खतपाणी मिळतं. असं दिसलं तर त्या प्रश्नांपुरता बॉट बंद करा आणि लवकर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. या आजारावर चांगले उपचार आहेत.

कुठे न्यायचं

मूल जीव देण्याचं बोलतंय, हातावर ब्लेडच्या खुणा आहेत, न दिसणारी माणसं किंवा आवाज सांगतंय, खाणं सोडलंय, दोन आठवड्यांहून जास्त दिवस गप्प आहे, तर चॅटबॉट बाजूला ठेवायचा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८, आत्ता लगेच धोका असेल तर ११२. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, आणि किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक सरकारी रुग्णालयांत चालतात. चिठ्ठी, ओळख काही लागत नाही, मुलाला घेऊन जायचं. तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका. शेतकरी घरांनी कीटकनाशकाचे डबे आणि तणनाशक कुलपात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवावी; गोळ्यांची पाकिटंही. त्या एका अवघड तासात ती वस्तू हाताशी नसणं, यानंच कितीतरी जीव वाचतात.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर झोपेच्या वेळा, जेवण, शाळेच्या गैरहजेरीचे दिवस, हे कधीपासून दिसतंय, घरात अलीकडे काय बदललं, चालू औषधं, आणि मूल कोणत्या चॅटबॉटशी, साधारण किती वेळ बोलतं, एवढं लिहा. मुलाची तयारी असेल तर त्यानंच निवडलेली एखादी गप्पा छापून सोबत घ्या. तयारी नसेल तर आग्रह करू नका. डॉक्टरांना फक्त सांगा की अशी गप्पा आहे, आणि मग मुलाला त्यांच्यासोबत थोडा वेळ एकटं बसू द्या.